ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

सकाळी साडेसहा

चहा गॅसवर ठेवायच्या आधी मी लॅपटॉप उघडते. घरात ते कुणाला आवडत नाही, पण दाखल्यांची सरकारी साइट याच वेळी मोकळी असते. दहा वाजले की सगळ्या महाराष्ट्रातली सेवा केंद्रं एकदम सुरू होतात आणि पानावरचं चक्र नुसतं फिरत राहतं. काल अडकलेले तीन उत्पन्नाचे दाखले आणि एक नॉन-क्रिमीलेयर चहा होईपर्यंत पुढं सरकतात.

आज 16 डिसेंबर 2025, मंगळवार. राज्य सरकारच्या 'माझी लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीला पंधरा दिवस उरलेत. आधीची मुदत 18 नोव्हेंबरची होती, ती वाढून 31 डिसेंबर झाली, तेव्हा बायकांइतकंच मलाही हायसं वाटलं. महिन्याच्या दीड हजारात गॅस, दूध आणि पोरांच्या रिक्षाचं भाडं भागवणाऱ्या घरात एक हप्ता चुकला तर काय होतं, हे काउंटरच्या अलीकडं बसून मला रोज दिसतं.

नऊ

कोल्हापुरात मंगळवार पेठेत कोळेकर तिकटीजवळच्या एका बोळात माझं सेवा केंद्र आहे. दहा बाय बाराची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर लाकडी बाक. शटर वर करायच्या आधीच बाकावर चौघी-पाचजणी बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकची फाइल आणि फाइलमध्ये अख्खं घर: रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, लाइट बिल, पासबुक. शिरोळकडचं माहेर असलेल्या एकीकडं शाळा सोडल्याचा दाखला आहे, 2019 च्या महापुरात भिजलेला आणि उन्हात वाळवलेला. त्याच्या घड्या आता उलगडायलाच भीती वाटते.

काउंटरवर एक जाड वही असते. सुरुवातीला तिच्यात नाव, काम, पैसे एवढंच लिहायची. दोन वर्षांपूर्वी मी शेवटचे दोन रकाने वाढवले. एकावर लिहिलं 'करून दिलं', दुसऱ्यावर 'स्वतः केलं'. ते का वाढवले, ते संध्याकाळी कळेल.

सव्वादहा

पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी आल्या. दोन घरची धुणीभांडी उरकून आलेल्या, पदराला हात पुसत.

"पोरी, माझं तेवढं केवायसी करून दे. अजून दोन घरं ऱ्हायल्यात, साडेअकराला जायाचंय मला."

"फोन आणलाय का, मावशी?"

त्यांनी पिशवीतून बटणाचा फोन काढला. नवऱ्याचा.

या ई-केवायसीला दोन ओटीपी लागतात. एक बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, दुसरा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या नंबरवर. नवऱ्याचा फोन तर समोरच होता. मावशींच्या आधारला मात्र मुलाचा नंबर जोडलेला. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, पहिल्या पाळीला. मशीनवर असताना फोन जवळ ठेवू देत नाहीत. ओटीपी टिकतो दहा मिनिटं आणि पाळी असते आठ तासांची.

"माझ्या नावाचं पैसं, आणि नंबर मला येत न्हाई व्हय गं?"

"तुमचा स्वतःचा फोन कुठला?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. स्वतःचा असा फोन त्यांनी कधी घेतलाच नव्हता. घरात तीन फोन आहेत. सर्वेक्षणाला कुणी आलं तर 'घरात स्मार्टफोन आहे' या चौकटीत टिक पडेल, आणि ती खोटीही नसेल.

डिजिटल दरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टॉवर नसलेलं डोंगरातलं गाव येतं. तशी गावं आहेतच, शाहूवाडी-गगनबावड्यात जाऊन बघा. पण ऐन कोल्हापुरात, जिथं चार कंपन्यांची रेंज फुल्ल आहे, तिथं ही दरी एकाच घराच्या मधून जाते. तिच्या एका काठावर मुलगा असतो, दुसऱ्या काठावर आई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, इंटरनेट कधी ना कधी वापरलंय असं सांगणारे पुरुष देशात 57 टक्के होते आणि बायका 33 टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील. पण घरात फोन असणं आणि तो बाईच्या हातात असणं यांत फरक आहे, आणि माझं सगळं काम त्या फरकातच चालतं.

मुलगा चारला सुटतो. "पाचला त्याचा फोन घेऊन या," म्हटलं. "दोन घरं बुडवू नका."

साडेअकरा

पोरांची वेळ. शिष्यवृत्तीचे अर्ज, डोमिसाईल, जातीचा दाखला. यांना माझी गरज फक्त स्कॅनर आणि प्रिंटरपुरती. एक मुलगी तर अर्ज फोनवर भरूनच आली, फोटोची साइज तेवढी बसत नव्हती. पाच मिनिटांत सुटली. आजी तिच्यासोबत आलेली, दारात उभी राहून बघत होती. तिला बाकावर बसवलं आणि पाचला पुन्हा या म्हणून सांगितलं.

साडेबारा

फौंड्रीतून निवृत्त झालेले एक मामा दरवर्षी याच सुमाराला हयातीचा दाखला द्यायला येतात. ईपीएफची पेन्शन. या पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून महिना एक हजारावर थांबलेली आहे, आणि तेवढ्यासाठीही वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं मशीनला पटवावं लागतं. डिजिटल हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण' नोव्हेंबर 2014 ला आला. तोवर बँकेत जाऊन सही द्यावी लागायची, त्या मानानं सोय मोठी. पण मामांचं आयुष्य साच्याच्या मातीत आणि तापलेल्या लोखंडाजवळ गेलंय. बोटांवर रेषाच उरल्या नाहीत.

आम्हा केंद्रवाल्यांचे काही उपाय असतात. आधी ओल्या फडक्यानं बोट पुसायचं. मग खोबरेल तेलाचा एक थेंब. मग गरम चहाचा ग्लास दोन मिनिटं हातात धरायला द्यायचा, म्हणजे कातडी जरा फुगते. मामांनी चहा धरला, थोडा प्याला, बोट ठेवलं. लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं, डावा अंगठा. लालच. सगळ्यात वाईट याचं वाटतं, की यावेळी माणूस स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघतो, जणू त्याचीच काही चूक झाली.

2021 च्या नोव्हेंबरपासून चेहऱ्यावरून पटवायची सोय झालीय. मामांना ट्यूबलाइटच्या खाली बसवलं, टोपी काढायला लावली, फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. स्क्रीनवर गोल आला. "आता डोळं मिचकवा." त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले आणि मिटूनच बसले. "उघडा मामा, नुसतं मिचकवा." तिसऱ्या वेळेला हिरवं झालं.

"झालं? आता वर्षभर काळजी न्हाई न्हवं?"

"न्हाई मामा, वर्षभर न्हाई."

पाहिलं तर हेच खरं तंत्रज्ञान. झिजलेल्या बोटाच्या माणसाला दोष न देता ज्यांनी दुसरा रस्ता काढला, त्यांचे मी मनापासून आभार मानते. प्रत्येक पोर्टलवर असा दुसरा रस्ता असायला हवा.

दोन

डबा. माझं माहेर वारणा खोऱ्यातलं. आमच्या भागात कॉम्प्युटर शहराच्या आधी आला म्हटलं तर लोकांना खरं वाटत नाही. 1998 साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. तात्यासाहेब कोरेंनी उभा केलेला साखर कारखाना त्याच्या मुळाशी होता. गावातल्या केंद्रात कॉम्प्युटर बसला आणि उसाची नोंद, तोडणीची तारीख, वजन, खताची मागणी या गोष्टी गावातच होऊ लागल्या. शेतकऱ्याची कारखान्यावरची खेप वाचली. जगभरातून लोक ते बघायला आले.

पुढं मशीन जुनी झाली. लाइट बेभरवशाची, दुरुस्तीचा खर्च मोठा. 2006-07 च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूतल्या संशोधकांनी त्याच भागातल्या सात गावांत वेगळा प्रयोग केला. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल. शेतकऱ्यानं एसएमएस पाठवायचा, उत्तरात त्याच्या उसाचं वजन आणि खताची माहिती यायची. हे स्वस्तही पडलं आणि लोकांना आवडलंही. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते: माहिती केंद्रातून निघून माणसाच्या स्वतःच्या हातात गेली.

तरी आमच्या घरातलं सांगते. पुढं कारखान्याचे एसएमएस सगळीकडं सुरू झाले, तेव्हा वजनाचा मेसेज वडिलांच्या फोनवर यायचा. उसाची लागण, भांगलण, सगळं आईनं केलेलं. टन किती भरला ते तिला वडील सांगतील तेव्हा कळायचं.

केरळनं 2002 साली मलप्पुरममध्ये 'अक्षय' सुरू केलं, घरटी किमान एक माणूस संगणक साक्षर करायचा म्हणून. काम मोठं आणि मनापासून केलेलं. पण आपल्याकडं कुणी तसं ठरवलं, तर तो घरटी एक माणूस कोण, हे मी आधी विचारीन. आपल्याकडं तो मुलगाच निघेल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या हिशोबानं 2024 साली जगात 260 कोटी माणसं ऑनलाइन नव्हती. मंगळवार पेठेतल्या मावशी त्या 260 कोटींत धरल्यात की घरातल्या तीन फोनमुळं सुटल्यात, कोण जाणे.

साडेतीन

लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो. झेरॉक्स बंद. तीन जणांना उद्या बोलावलं.

पाच

आता बाकाची वेळ. पाच ते साडेपाच मी पैशाचं काम घेत नाही. बाकावर सहा बायका बसतात, मी समोर स्टूल घेते. शिकवायचं म्हणजे फार काही नसतं. स्वतःचा नंबर पाठ म्हणायचा. मेसेज उघडून सहा आकडे ओळखायचे. माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायचं की अक्षरं आपोआप उमटतात. हे पहिल्यांदा बघितल्यावर बायकांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, ते रोज घोकून घेते. फोनवर कुणी साहेब बोलतोय म्हटलं तरी नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ला फोन. जी बाई पहिल्यांदा फोन हातात घेते, तिच्यावर पहिला डल्ला मारायला लोक टपलेले असतात, म्हणून हा धडा सगळ्यात आधी.

सकाळच्या मावशी मुलाचा फोन घेऊन आल्या. मुलगाही मागं उभा. मी नेहमीसारखा कीबोर्ड पुढं ओढला आणि मग त्यांच्याकडं सरकवला.

"मला कुठलं जमतंय?"

"एकेक आकडा. मी हाय की."

आधार कार्ड डाव्या हाताला धरून उजव्या हाताच्या एका बोटानं बारा आकडे. धुण्याच्या सोड्यानं बोटाचं टोक पांढरं पडलेलं. मुलगा दोनदा पुढं झुकला, "आई, आण हिकडं." त्याला बाकावर बसायला सांगितलं. ओटीपी आला, तो त्यांनीच मोठ्यानं वाचला, त्यांनीच टाकला. मग नवऱ्याचा. मग शेवटची दोन निवेदनं, आणि इथं मी प्रत्येकीला थांबवते. पहिल्या निवेदनाचा अर्थ असा, की कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत कायम नाही. वाक्य 'नाहीत' म्हणतं, म्हणून ते खरं असेल तर उत्तर 'होय'. घाईत वाचणारी बाई 'सरकारी नोकरी' एवढंच बघते आणि 'नाही' दाबते. मी वाक्य दोनदा वाचलं. मावशींनी विचार केला.

"म्हंजे न्हाई म्हणायला व्हय म्हणायचं."

"बरोबर."

त्यांनी 'होय' दाबलं. शेवटी यशस्वी झाल्याचा संदेश आला. मावशी त्याच्याकडं बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "मी केलो?" कोल्हापुरातल्या बायका 'केलो, गेलो, आलो' म्हणतात, तसंच. मुलानं फोन घ्यायला हात पुढं केला तर म्हणाल्या, "थांब जरा, बघतो मी."

ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत, अशा दोघी बाकावर होत्या. त्यांनी स्वतःचं केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं द्यायचा, हे दोघींना कागदावर लिहून दिलं.

1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. अक्षरओळख ही ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडायची गोष्ट नव्हे, हे या गावानं तेव्हाच मान्य केलंय. मग फोनओळख माझ्या बाकावर का सोडायची? पेठेतल्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. तालमी आहेत, तरुण मंडळं आहेत, फुटबॉलच्या मॅचला रात्रभर राबणारी पोरं आहेत. एका वर्गाची किल्ली आणि आठवड्यातला एक तास एवढं पुरे.

साडेसात

वही पूर्ण करते. 'करून दिलं' रकान्यात आजही पान भरून टिका आहेत. 'स्वतः केलं'मध्ये चार. त्यातली एक मावशींची. उद्या मुलगा त्यांना घेऊन नवीन सिमकार्ड काढायला जाणार आहे, त्यांच्या नावावर. मग आधार केंद्रात 75 रुपये भरून तो नंबर जोडायचा.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या आईला, आजीला, कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, तुमच्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय? तो नंबर तुमचा निघाला, तर त्यांच्या नावाचं सिम आणा आणि पुढचा ओटीपी त्यांना वाचू द्या.