जागा आहे, वजन नाही!

थर्ड इयरच्या सबमिशनला मी जर्नल दिलं नाही, हे आमच्या बॅचला माहीत आहेच. सरांनी कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "सर, जर्नल विमानाला जड झालं, म्हणून लक्षद्वीपला राहिलं." वर्गात जो हशा पिकला तो अजून थांबलेला नाही. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "असं? मग किती जड झालं ते गणित करून दाखव." हा लेख म्हणजे ते गणित.

झालं असं. डिसेंबरच्या सुट्टीत आई, बाबा आणि मी लक्षद्वीपला गेलो. रत्नागिरीहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस पकडली. नावात लक्षद्वीप असलं तरी ही गाडी एर्नाकुलमलाच थांबते, पुढे समुद्र! तिथून बोटीने जायचं तर चौदा-पंधरा तास किंवा जास्तच, नाहीतर कोचीहून विमानाने दीडेक तासात अगत्ती. ३६ बेटांच्या या केंद्रशासित प्रदेशात प्रवासी विमान उतरेल असा हा एकच विमानतळ. १९८८ साली सुरू झाला. बंगारामसारख्या बेटावर जाणारे पर्यटकही आधी इथेच उतरतात आणि मग बोटीत बसतात.

खिडकीतून पहिल्यांदा अगत्ती दिसतं तेव्हा पोटात गोळा येतो. बेट सात-साडेसात किलोमीटर लांब आणि रुंदी किलोमीटरभरसुद्धा नाही. दक्षिणेकडे ते इतकं निमुळतं होतं की रनवे बसला आणि जमीन संपली! एका अंगाला हिरवट निळं लगून, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. आईने डोळे मिटले ते चाकं टेकल्यावरच उघडले.

गंमत झाली परतताना. काउंटरवर आमची एक बॅग बाजूला काढून ठेवली. "ही उद्याच्या फ्लाइटने येईल." बाबा एसटीत तीस वर्षं काढलेले. सीट संपल्या तरी माणूस मावतो, ही त्यांची श्रद्धा. ते म्हणाले, "अहो, पण विमानात तर सीटसुद्धा रिकाम्या दिसतायत. बॅगेला जागा नाही?"

काउंटरवरच्या ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, जागा आहे. वजन नाही."

त्याच बॅगेत माझं जर्नल होतं.

आता गणित. घाबरू नका, फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स पुरे आहे. विमान हवेत उठायला पंखांची लिफ्ट वजनाएवढी व्हायला हवी, आणि लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे वजन वाढलं की उड्डाणाच्या वेगाचा वर्ग तेवढ्याच प्रमाणात वाढतो. त्या वेगापर्यंत पोचायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. पण इंजिनाचा जोर तोच, वजन जास्त, म्हणजे त्वरण कमी. वजनाचा फटका असा दोनदा बसतो! थोडक्यात, धावण्याचं अंतर ढोबळमानाने वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. उलट बाजूने बघा: वजन १० टक्क्यांनी कमी केलं, तर अंतर जवळजवळ १९ टक्क्यांनी कमी होतं.

अगत्तीचा रनवे सुमारे १२०० मीटरचा. एटीआर ७२-६०० हे साधारण सत्तर सीटचं विमान २३ टन या कमाल वजनाने उडवायचं, तर समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात १३०० मीटरच्या आसपास रनवे लागतो. आता अगत्तीला १५ अंश कधी असणार? दुपारी ३२ अंश धरा. हवा तापली की विरळ होते, इथे साडेपाच टक्क्यांनी. इंजिनाचा जोर तेवढाच राहिला असं धरलं, तरी १३०० चे १३७५ होतात. हातात आहेत १२००. आपला वर्गाचा नियम उलटा लावला, तर वजन साडेसहा टक्क्यांनी कमी करावं लागतं. २३ टनांचे साडेसहा टक्के म्हणजे दीड टन! सामानासकट माणशी ९५ किलो धरले, तर पंधरा-सोळा माणसं. बाबांना दिसलेल्या रिकाम्या सीटा त्या ह्याच.

(हे आपलं कागदावरचं गणित. खरे आकडे कंपनीच्या तक्त्यांतून, त्या दिवशीचा वारा आणि तापमान बघून काढतात.)

"पण उडायला पुरला की झालं ना?" असं कोणी विचारेल. नाही! धावताना एक इंजिन बंद पडलं तर काय, याचं उत्तर आधीच ठरलेलं असावं लागतं. त्यासाठी प्रत्येक उड्डाणाला एक निर्णयाचा वेग ठरवतात. त्याच्या आत बिघाड झाला तर उरलेल्या रनवेवर थांबता आलं पाहिजे. तो वेग ओलांडल्यावर झाला तर एकाच इंजिनावर उडता आलं पाहिजे. दोन्ही गोष्टी त्याच १२०० मीटरमध्ये बसवायच्या.

उतरतानाही तेच. नियमाप्रमाणे अशा टर्बोप्रॉप विमानाचं उतरून थांबण्याचं अंतर उपलब्ध रनवेच्या ७० टक्क्यांत बसवावं लागतं. म्हणजे हिशोबाला फक्त ८४० मीटर. त्यात अगत्तीला उतरता आलं नाही, तर दुसरा विमानतळ शेजारच्या बेटावर नाही, साडेचारशे किलोमीटरवर मुख्य भूमीवर. तिथे पोचण्याचं इंधन टाकीत असलंच पाहिजे, आणि इंधनालाही वजन असतं! हे सगळं उगाच नाही. २०२० साली कोझिकोडला ओल्या रनवेवर विमान पुढे घसरून खाली गेलं आणि २१ जीव गेले. तो रनवे अगत्तीच्या दुपटीहून लांब होता.

मग रनवे वाढवा की! मीही हेच म्हणालो होतो. अडचण अशी की शंभर मीटर डांबर हवं तर नुसतं शंभर मीटर डांबर टाकून भागत नाही. रनवेच्या टोकापुढे ६० मीटरची पट्टी, त्यापुढे किमान ९० मीटर सुरक्षित जागा मोकळी लागते. आणि टोकाला आहे लगून आणि प्रवाळ. मध्यंतरी शेजारच्या निर्जन कल्पिट्टी बेटापर्यंत रनवे नेण्याची कल्पनाही निघाली होती. पण प्रवाळाची ही भिंत लाटांचा जोर आधीच मोडते, म्हणून तर वाळूचं हे बेट टिकून आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं, बरंचसं मेलं. त्यावर भराव घालायचा, तर बेट वाचवणारी भिंतच पाडून बेटावर यायची सोय केल्यासारखं होईल.

हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी मी तोंड पाडून बसलो होतो. पलीकडच्या रांगेत माझ्याच वयाचा एक मुलगा आजारी आईला धरून बसला होता. तिला उचलूनच चढवलं होतं, सोबत मामा. हिंदीत बोलणं झालं. तो म्हणाला, "कल रात ही डॉक्टर ने बोला, कोची ले जाओ. जहाज परसों था." मी विचारलं, तिकीट कसं मिळालं? "तीन आदमी का वजन निकाला उन्होंने. टूरिस्ट लोगों का सामान उतारा."

बाबांनी ते ऐकलं. कोचीपर्यंत बॅगेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उतरल्यावर त्या माउलीची पिशवी मात्र त्यांनीच उचलली.

अगत्तीला साडेसात हजार लोक राहतात. आपल्यासाठी तो विमानतळ म्हणजे सुट्टी, त्यांच्यासाठी हॉस्पिटलचा रस्ता. आणि दोघांच्या वाट्याला येणारे किलो त्याच १२०० मीटरमधून निघतात. तिकडे कधी गेलात तर बॅग हलकी न्या, आणि राहिली मागे तर काउंटरवर भांडू नका.

आमची बॅग आठ दिवसांनी कुरिअरने घरी आली. जर्नल घेऊन सरांकडे गेलो. सरांनी ते हातावर तोललं आणि म्हणाले, "दीड किलो असेल. बरं झालं राहिलं ते." मार्क मात्र उशिराचे कापलेच!