औषधास न जुमानणारा मुदतीचा ताप

मुदतीचा ताप या नावाने घरोघर ओळखला जाणारा विषमज्वर एके काळी फार धास्तीचा रोग होता. रोग्याची शुश्रूषा करावी आणि मुदत संपण्याची वाट पाहावी, याखेरीज वैद्याच्या हाती फारसे काही नसे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक औषध या रोगावर गुणकारी ठरले आणि ही धास्ती ओसरली. गरीब देशांत तीच धास्ती आता पुन्हा डोके वर काढीत आहे. तिचे कारण प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्याजोगे आहे.

रोग्याच्या शरीरातील असंख्य जंतूंपैकी एखादा जंतू निसर्गतःच थोडा निराळा निपजतो व औषधाच्या माऱ्यातून वाचतो. औषध जितके वारंवार व अविचाराने वापरावे, तितके दुबळे जंतू मरून चिवट जंतूंचाच वंश वाढतो. हा गुण एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूसही मिळू शकतो. म्हणजे औषधास सरावते ते रोग्याचे शरीर नव्हे. सरावतात ते जंतू. म्हणूनच एकाच्या गैरवापराची झळ, ज्याने ते औषध कधी घेतलेही नाही अशा शेजाऱ्यास लागते.

सिंध प्रांतातील हैदराबाद शहरी हेच घडले. तेथे २०१६ च्या अखेरीस आढळू लागलेल्या विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही जुनी औषधे तर चालेनातच, पण सेफ्ट्रायॅक्सोन हे भरवशाचे इंजेक्शनही निरुपयोगी ठरले. पोटात घेण्याचे अॅझिथ्रोमायसिन आणि महागडी कार्बापेनेम इंजेक्शने, एवढाच आधार उरला. साथ पसरण्याचे मोठे कारण म्हणजे पिण्याच्या पाण्यात मिसळणारे मैलापाणी.

गरीब देशांची अडचण येथेच आहे. शुद्ध पाणी नाही म्हणून रोग अधिक. रक्ततपासणीची सोय दूर म्हणून अंदाजाने औषध. पैसा अपुरा म्हणून दोन दिवसांच्याच गोळ्या. शिवाय कित्येकांना योग्य औषध मिळतच नाही, तेही मृत्यू पावतात. २०१९ साली औषधास न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यात पश्चिम आफ्रिकेतील मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक होते.

तथापि हताश होण्याचे कारण नाही. २०१९ सालीच पाकिस्तानने विषमज्वराची नवी लस बालकांच्या नित्य लसीकरणात घेतली. असे करणारा तो पहिला देश होय. ती लस तयार झाली आपल्या दक्षिणेतील हैदराबादेत, भारत बायोटेक कंपनीच्या कारखान्यात. जो रोग झालाच नाही, त्यावर औषध खर्ची पडत नाही.

आपल्या देशात २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद रोग्याच्या व डॉक्टरांच्या नावासह ठेवणे औषधविक्रेत्यांस बंधनकारक आहे. औषधविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या सभासदांनी ती नोंद हिशेबाच्या चोपडीइतक्याच कसोशीने ठेवावी व चिठ्ठीवाचून आलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकासही नम्रपणे नकार द्यावा. इतरांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक घेऊ नये, सांगितलेला क्रम मध्येच सोडू नये व उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. औषधांचा गुण हे सर्वांच्या सामाईक मालकीचे भांडवल आहे. ते एकदा बुडाले की कितीही पैसा मोजून परत आणता येत नाही.