मुदत संपलेली गोळी, ॲसिडमधलं पोलाद

तापवून लाटलेल्या पोलादावर लोहाच्या ऑक्साइडची काळपट खपली धरते. जस्ताचा मुलामा देण्याआधी ती काढावी लागते, म्हणून पोलाद हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत बुडवतात. हेच पिकलिंग. पण खपली निघाली म्हणून ॲसिड थांबत नाही. ते खालचं चांगलं लोखंड खात सुटतं आणि स्वतःही वाया जातं. त्याला आवर घालायला टाकीत क्षरणरोधक मिसळतात. यातले थायोयुरियासारखे काही रोधक विषारी आहेत.

इथेच मुदत संपलेली औषधं उपयोगी पडू शकतात. रोधकाच्या रेणूत नायट्रोजन, गंधक, ऑक्सिजन असले की त्यांच्याकडच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्या लोखंडाला धरून ठेवतात. रॅनिटिडीनच्या एकाच रेणूत चार नायट्रोजन, तीन ऑक्सिजन आणि एक गंधक आहे. पोटात हे औषध ॲसिडचा स्राव कमी करतं. टाकीत मात्र ॲसिड असतं तेवढंच राहतं. औषधाचे धनभारित रेणू पोलादावर आधी बसलेल्या क्लोराइडकडे ओढले जातात आणि पृष्ठभाग झाकतात.

तारीख उलटली की रेणू लगेच मोडतो असंही नाही. अमेरिकेच्या सरकारी साठ्यातल्या 122 औषधांच्या तपासणीचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. मूळ वेष्टनात नीट ठेवलेल्या बॅचेसपैकी 88 टक्क्यांची मुदत किमान वर्षभर वाढवता आली. अर्थात, म्हणून घरातली जुनी गोळी घेऊ नये.

प्रयोग साधा असतो. पोलादाचा छोटा तुकडा पॉलिश पेपरने घासायचा, धुवून-वाळवून तोलायचा, ठरलेले तास ॲसिडमध्ये ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. औषधाविना 100 मिलिग्रॅम घट आणि औषधासह 10 झाली, तर संरक्षण 90 टक्के. रॅनिटिडीन, ॲम्पिसिलिन अशा औषधांवर हे काम झालं आहे.

प्रयोगशाळेतल्या यशाने मात्र हुरळून जाऊ नये. कारखान्यातली टाकी बरीच गरम असू शकते, आणि उष्णतेने सैल बसलेले रेणू सुटतात. ताजं औषध वापरणं तर परवडणारच नाही. मला सर्वांत मोठा धोका प्रतिजैविकांचा वाटतो: वापरलेल्या ॲसिडबरोबर ती नाल्यात गेली, तर औषधाला न जुमानणारे जंतू वाढतील. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे आणि पोलादाचेही कारखाने आहेत. तिथे असा प्रयोग जरूर व्हावा, पण प्रतिजैविकं वगळून आणि सांडपाण्याची तपासणी आधी ठरवूनच.