रक्ताची गुठळी आणि कड्याची ओढ

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. इथल्या एखाद्या तरुणाला कडे चढण्याचे वेड लागले, तर चिखलदऱ्याचा डोंगर आहे. सह्याद्रीतल्या कड्यांसाठी मात्र रात्रभर गाडीत बसावे लागते. गुडघे दुमडलेले, पाणी कमी प्यायलेले आणि उतरल्यावर लगेच चढाई. पुढे दोन दिवसांनी एकच पोटरी सुजते, दुखते. ‘लचक असेल’ म्हणून बाम चोळला जातो. पण ती लचकच असेल असे नाही. पायाच्या खोल नसेत रक्ताची गुठळीही झालेली असू शकते.

गुठळी होण्याची कारणे तीन गटांत मोडतात. रक्तप्रवाह मंदावणे, नसेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. लांबचा प्रवास, प्लास्टरमधला पाय, शस्त्रक्रिया, बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग आणि आनुवंशिक दोष यांमुळे धोका वाढतो. कडे चढणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक प्रकार आढळतो. हात सतत डोक्यावर ताणून जोर लावल्याने गळ्याच्या हाडाखालची नस पहिली बरगडी आणि स्नायू यांच्यात चेंगरते आणि गुठळी हातात होते. हात सुजतो, निळसर दिसतो, जड वाटतो. पोहणारे आणि वजन उचलणारे यांनाही हा त्रास होतो.

पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतते. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे सुरू होतात. ही औषधे झालेली गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत आणि नवी होऊ देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते. उपचार बहुधा किमान 3 महिने चालतात. कारण कायमचे असेल तर अधिक काळ.

या औषधांपैकी वॉरफरिनचा इतिहास गमतीदार आहे. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील घटकाच्या अभ्यासातून हे औषध घडले. 1948 मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी मान्य झाले. त्याचे प्रमाण आयएनआर नावाच्या रक्त तपासणीने जुळवतात. गुठळीच्या बहुतेक रुग्णांत हा आकडा 2 ते 3 दरम्यान ठेवायचा असतो. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या बंद करण्याची गरज नसते. रोज साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात, इतकेच. रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना ही नियमित तपासणी लागत नाही.

मग कड्याचे काय? इथेच सर्वांत मोठी चूक होते. ‘शनिवार-रविवार चढायचे आहे, दोन दिवस गोळी बंद ठेवतो.’ वॉरफरिनचा परिणाम थांबवल्यावरही काही दिवस टिकतो. म्हणजे चढाईच्या दिवशी रक्त पातळच असते आणि पुढच्या आठवड्यात संरक्षण गेलेले असते. नव्या गोळ्यांचा परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरतो आणि गुठळीला मोकळे रान मिळते. दोन्हीकडून तोटाच. गोळी बंद करण्याचा निर्णय फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

चालणे मात्र लवकर सुरू करावे. बहुतेक रुग्णांना अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नसते. पुढे सपाट रस्ता, मग जिने, मग सोपी टेकडी, असे टप्प्याटप्प्याने जावे. श्वास लागला, सूज वाढली तर थांबावे. औषध चालू असताना प्रश्न ताकदीचा नसतो, पडण्याचा असतो. म्हणून डॉक्टरांच्या संमतीनंतर कृत्रिम भिंतीवर, वरून दोर बांधून चढणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. दोर न लावता लहान खडकांवर चढण्याच्या प्रकारात प्रत्येक पडणे जमिनीवरच असते. दोर खालून नेत पुढे चढणाऱ्याचे पडणे लांब असते. हे दोन्ही प्रकार औषध संपेपर्यंत दूर ठेवणेच शहाणपणाचे. हेल्मेट प्रत्येक वेळी हवे. हातातल्या गुठळीनंतर मात्र नस चेंगरते आहे का हे तपासल्याशिवाय भिंतीलाही हात लावू नये.

काही गोष्टी गाठीशी बांधून ठेवाव्यात. औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी आणि दोर धरणाऱ्या सोबत्याला त्याची कल्पना द्यावी. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, गरज पडल्यास पॅरासिटामॉल. ‘कमरेत एक इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरू नये, स्नायूत रक्त साकळू शकते. काढे, चूर्णे सुरू असतील तर तीही सांगावीत. प्रवासात दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे, पाणी प्यावे.

डोक्याला मार लागला तर ‘बरे वाटते’ म्हणून घरी बसू नये. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही उघड होतो. डोकेदुखी, उलट्या, काळी शौच, लाल लघवी, अचानक धाप, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, यांपैकी काहीही झाले तर 108 ला फोन करावा आणि हातातली चिठ्ठी आधी दाखवावी.

चढणाऱ्याला तीन महिने फार मोठे वाटतात. पण दोर ओला असेल, पाऊस असेल, तर तोच चढणारा खाली बसून वाट पाहतो. शरीर ओले असताना तेवढीच वाट पाहायची असते.