एकाच पेटीत सगळं नको

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचा कॉम्प्युटर सुरू केला, तर आतून टिक-टिक आवाज आला आणि स्क्रीन काळीच राहिली. शाळेची टिपणं गेली असती तर पुन्हा लिहिली असती. पण त्यात मरहूम अब्बांनी आजारपणात सांगितलेल्या घराण्याच्या हकीकती होत्या, त्यांच्याच आवाजात. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी चार-पाच वेळा मशीन बंद-चालू करून पाहिलं, तीही चूकच. असा आवाज आला की वीज बंद करून थेट जाणकाराकडे न्यावं. अर्ध्याच हकीकती परत मिळाल्या.

आमच्या मुरूमकडच्या लोकांना हे नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा उमरगा आणि औसा तालुक्यांत माणसं गेली, घरं गेली, घरातल्या पेट्याही ढिगाऱ्याखाली गेल्या. खरेदीखत, शाळेचा दाखला, निकाहनामा, सगळं एकाच पेटीत. आता आपण तेच कागद स्कॅन करून एकाच कॉम्प्युटरमध्ये ठेवतो.

म्हणून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. घरासाठी 1 टीबी पुष्कळ झाली. 4 एमबीचा एक फोटो धरला तर सुमारे अडीच लाख फोटो मावतात. कॉम्प्युटर ती 931 जीबी दाखवेल. ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. मोठ्या आकाराच्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या वायरवरच चालते. एसएसडी पडली तरी सहसा टिकते, पण महाग, आणि वर्षानुवर्षं न जोडता कपाटात ठेवायला ती बरी नाही. काहीशे रुपयांत 16 टीबी म्हणून विकतात ती मात्र घेऊच नका! आत जागा थोडीच असते, आणि ती भरली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात. वॉरंटीचंही ऐका: डिस्क बदलून मिळते, आतलं काही मिळत नाही.

माझं मत, एक महाग डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या. फाइली डिस्कवर टाकून कॉम्प्युटरमधून पुसल्या, तर तो बॅकअप नव्हे, प्रत पुन्हा एकच राहते.

आमची एक डिस्क कपाटात असते, दुसरी उमरग्याला आपांकडे. दर ईदला जाताना घरची घेऊन जाते, त्यांच्याकडची घेऊन येते. परवा आपांनी विचारलं, "यात अब्बा आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत, अर्धे."