चौदा ताटल्या, एक कंगवा

डिसेंबर उजाडला की तुमच्याही ऑफिसात हे सगळं सुरू होत असणार. रिसेप्शनवर कापसाचा बर्फ लावलेलं प्लॅस्टिकचं झाड, सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या, कुणाच्या तरी डोक्यावर लाल टोपी. आणि लंच टाइममध्ये हमखास येणारा एक प्रश्न, 'काय गं, या वेळी केक आणणार ना?' मी वसईच्या ख्रिस्ती घरातली, त्यामुळे लोअर परळच्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. केक मी आणतेच. पण खरं सांगू? आमच्या घरात नाताळची चाहूल केकने लागत नाही. ती लागते कंगव्याने!

दचकू नका, सांगते.

कंगव्याचा फंडा

कुलकुल नावाचा प्रकार खाल्लाय कधी? मैदा, थोडा रवा, अंडी, साखर आणि नारळाचा रस यांचं पीठ मळायचं. त्याची सुपारीहून लहान गोळी घ्यायची, कंगव्याच्या (कोऱ्या, अर्थातच!) दातांवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि तशीच गुंडाळत आणायची. रेघारेघांची, शिंपल्यासारखी छोटी सुरळी तयार. मग ती तळायची आणि साखरेत पाकवायची. कंगवा नको असेल तर काट्याच्या पाठीवरही होतं. गोव्यात यांना 'किडियो' म्हणतात, म्हणजे चक्क किडे. चवीने म्हणाल तर शंकरपाळीची चुलत बहीण.

नाताळच्या ताटलीत कुलकुलाच्या शेजारी बरंच काही असतं. आपल्या करंजीसारखी नेवरी, तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ तासन्‌तास ढवळून केलेलं दोडोल, खोबरं आणि रव्याची बोलिन्हा बिस्किटं, साच्याने तळलेल्या फुलांच्या आकाराच्या रोझ कुकीज. गोव्यात आणि मंगळूरकडे या सगळ्या गोतावळ्याला 'कुस्वार' म्हणतात. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांचा अंमल होता. पण ताटलीकडे नीट पाहिलंत तर नारळ, तांदूळ, गूळ, रवा, सगळं आपल्याच कोकणपट्टीचं. इथे कुणी उपरं नाही.

आता यातली मेख ऐका. एक किलो मैद्याची कुलकुलं म्हणजे शेकड्यांनी गोळ्या. एकटी बाई वळायला बसली तर पहाट होईल. म्हणूनच आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना जमिनीवर गोल बसवतात. लहान-मोठा, पाहुणा-रावळा, कुणालाही सूट नाही. पुरुषांनाही नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

ताटल्यांचा हिशेब

२०२३च्या ऑगस्टमध्ये आई गेली. आमच्यात दुखवट्याच्या वर्षी घरात नाताळचं गोड करत नाहीत. तुमच्याकडे दिवाळीला फराळ करत नाहीत, तसंच. अशा वेळी शेजारीपाजारी ताटल्या आणून देतात. त्या डिसेंबरात आमच्या घरी चौदा ताटल्या आल्या. एरवी ताटली कधी रिकामी परत जात नाही, पण आमच्याकडे घालायला काहीच नव्हतं. 'राहू दे गं, पुढच्या वर्षी येईल,' असं म्हणून जो तो आपली ताटली ठेवून गेला. त्या स्टीलच्या चौदा ताटल्या, प्रत्येकीवर दुसऱ्याच घराचं नाव कोरलेलं, वर्षभर आमच्या मांडणीवर उभ्या होत्या.

२०२४चा नोव्हेंबर संपत आला तसा विषय निघाला. दादाचं म्हणणं साधं होतं. आजकाल घरगुती बेकर्स मस्त बॉक्स करून देतात, चौदा बॉक्स ऑर्डर करू, ताटल्यांत मांडू, विषय संपला. चूक काहीच नव्हतं त्यात. तो अंधेरीला जातो, वहिनी ठाण्याला, मी लोअर परळला. विरार फास्टमधून उतरल्यावर कुणाच्या हातात मैदा मळायचा जोर उरतो? पप्पा तर त्याहून पुढे गेले. 'या वर्षीही राहू दे,' एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

त्यांचं 'राहू दे' मला कळत होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी बसून कुलकुलं वळली, त्याच्याविना बसायचं कसं? मी काही बोलले नाही. रविवारी सकाळी चौदा ताटल्या काढल्या, घासल्या आणि पुसून टेबलावर मांडल्या. पप्पा चहा घेऊन आले, नावं वाचत बसले. मग आत गेले आणि आईच्या शिवणाच्या डब्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला निळा कंगवा घेऊन आले. फक्त कुलकुलांसाठी ठेवलेला. तो कुठे असतो हे घरात फक्त त्यांनाच माहीत होतं!

'अंदाजे' म्हणजे किती?

पुढचं टेन्शन रेसिपीचं. आईच्या वहीत लिहिलं होतं, 'मैदा १ किलो, अंडी ४, रस लागेल तसा, साखर अंदाजे.' बस्स. मावशीला फोन लावला. ती म्हणाली, 'अंदाजे म्हणजे तिचा अंदाज. तुझा तुला काढावा लागेल.' पण एक खूण मात्र तिने दिली. पीठ पुरीच्या पिठापेक्षा सैल आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं, आणि ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास मुरायला हवं.

मग आम्ही अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. वहिनीने डिजिटल काटा काढला. जे जे पडेल ते मोजायचं आणि लिहायचं. रस एकदम ओतायचा नाही, कारण साखरही विरघळून पीठ सैल करते. बघता बघता पीठ मऊ होत गेलं.

वळायला बसलो तेव्हा खरी धम्माल. स्वयंपाकघरात कधी चहाही न करणारे पप्पा कुलकुलांत सगळ्यांचे बाप निघाले. आमचं एक होईपर्यंत त्यांची चार! सहा वर्षांच्या पुतण्याला त्यांनी मांडीवर घेतलं आणि दाखवलं, 'दाबताना जोर, गुंडाळताना हलका हात. शेवट नीट चिकटव, नाहीतर तेलात उघडतं.' ही वाक्यं आईची होती. आम्ही दोघं भावंडं एकमेकांकडे बघून गप्प बसलो आणि पुढची गोळी उचलली.

कटर घ्या, चांदणी पाडा

नऊ वर्षांच्या भाचीचा मात्र हट्ट वेगळा. बहीण तिला दुपारी सोडून गेली होती. तिला हव्या होत्या सिनेमातल्यासारख्या कुकीज, चांदणी, झाड, वर रंगीत आयसिंग. आईने कधी केल्या नव्हत्या या. 'ताटलीत आपलं असतं ते असतंच, त्यात एक हिचं घाल,' पप्पांनी निकाल दिला. तसाही 'कुकी' हा शब्द डच भाषेतून आलेला, अर्थ छोटा केक. म्हणजे ती बिचारीही फिरत फिरतच आलेली.

या कुकीजचं सगळं गणित लोण्यावर आहे. आपल्या हवेत लोणी लवकर वितळतं, आणि मऊ पीठ ओव्हनमध्ये गेलं की चांदणीचा पापड होतो. म्हणून मळलेलं पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवायचं, दोन बटर पेपरच्या मध्ये लाटायचं आणि कापलेले आकार ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं फ्रीझरमध्ये. एवढं केलंत तर चांदणीचे पाचही कोपरे जागच्या जागी राहतात.

आयसिंग दोन प्रकारचं लागतं. कडेची रेघ ओढायला टूथपेस्टसारखं घट्ट, आणि आत भरायला थोडं पाणी घालून सैल केलेलं. सैल आयसिंगची धार वरून सोडली की साधारण दहा सेकंदांत सपाट व्हायला हवी. आधी बांध घालायचा, मग पाणी सोडायचं, अगदी भातशेतीसारखं! पायपिंग बॅग नसेल तर दुधाच्या स्वच्छ पिशवीचा कोपरा कापा, झकास चालतो. आणि सजवलेल्या कुकीज फ्रीजमध्ये ठेवू नका, दमट होऊन रंग ओघळतात. सहा-सात तास पंख्याखाली सुकू द्या.

काय काढायचं यावर भाचीने डोकं लढवलं. तिने ताटल्या समोर ओढल्या आणि प्रत्येक ताटलीवरच्या नावाचं पहिलं अक्षर कुकीवर काढायला घेतलं. भांड्यावरचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं ना, तसंच तिनेही ठिपक्याठिपक्यांनी काढलं. 'प' सोपा गेला, 'लो'ची मात्रा कुकीबाहेर गेली, 'डि'ने तर रडवलंच. पण चौदा घरांच्या चौदा कुकीज झाल्या.

चोवीस तारीख

चोवीसच्या संध्याकाळी पप्पा, मी आणि दोन पोरं, असा आमचा लवाजमा निघाला. मध्यरात्रीच्या मिस्सेआधी सगळी घरं गाठायची होती. प्रत्येक दारात तेच. रुमाल उचलला जायचा, आपल्या घराचं अक्षर दिसायचं आणि आतून हाका सुरू व्हायच्या, 'अरे या बघायला!' पाचव्या घरातल्या काकूंनी दारातच एक कुलकुल तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'रवा तुझ्या आईपेक्षा जरा जास्त आहे.' मग लगेच दुसरं उचललं. पप्पा मोठ्याने हसले. त्या वर्षात मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं.

बॉक्स मागवले असते तर चव कदाचित आणखी सुबक आली असती. पण 'तुझ्या आईपेक्षा' असं कुणी म्हटलं नसतं. कुलकुलं काय, करंज्या काय, एकट्याने होत नाहीत म्हणूनच त्या घराला एकत्र बसवतात. आपल्यासारख्या नऊ ते नऊवाल्यांसाठी तर तेवढं निमित्त सॉल्लिड आहे. फोन हातात घ्यायचा म्हटलं तरी बोटं पिठाने भरलेली असतात!

तर मग, लागा कामाला

ख्रिस्ती असायला हवं असं मुळीच नाही. शनिवारी सामान आणा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास कटर, नोझल, रंग असं सगळं मिळतं. रविवारी चार-पाच डोकी जमवा. शेजारची बच्चेकंपनीही चालेल, फक्त कढई आणि ओव्हन मोठ्यांनी सांभाळायचं.

कुलकुलं: मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, अंडी २, साजूक तूप २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ. नारळाचा घट्ट रस साधारण पाऊण कप, थोडा थोडा. मळून अर्धा तास झाका, वळा, मध्यम आचेवर बदामी तळा. एक कप साखर आणि पाव कप पाण्याचा दोनतारी पाक करा, गॅस बंद करून कुलकुलं त्यात घोळवा. साखर पांढरी धरेपर्यंत हलवत राहा. काकूंच्या शेऱ्यानंतर रवा आम्ही कमी केलाय. हे माप सुधारलेलं आहे!

सजवायच्या कुकीज: लोणी २२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम एकत्र फेसा. १ अंडं, १ चमचा व्हॅनिला, मग मैदा ४०० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. थंड करून अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. १७० अंश सेल्सियसला आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १० ते १२ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढा. गरम असताना मऊ लागतील, गार झाल्या की कडक होतात.

आयसिंग: एका अंड्याचा पांढरा भाग, आयसिंग शुगर सुमारे २०० ग्रॅम, लिंबाचे काही थेंब. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी खाणार असतील तर कच्च्या अंड्याऐवजी मेरिंग पावडर वापरा.

बाकी सगळं 'अंदाजे' चालेल. कंगवा मात्र नवा घ्या!