विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स एकत्र कसे नांदवायचे?

मुंबईत नोकरी करणाऱ्याने नवा लॅपटॉप घेतला की जुना गणपतीच्या सामानाबरोबर गावी येतो. मंडणगडसारख्या तालुक्यात अशा लॅपटॉपवर घरातील सगळ्यांचेच काही ना काही असते. त्यात सातबाऱ्याच्या प्रती, काजू-आंब्याचे हिशेब, मुलांचे प्रकल्प आणि लग्नाचे फोटो असतात. वेळासच्या कासव महोत्सवासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या नोंदीही असतात. यंत्र धडधाकट असते, पण त्यातील विंडोज १० चे आयुष्य संपलेले असते. अशा लॅपटॉपवर विंडोज न काढता शेजारी लिनक्स बसवता येते. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात. त्यासाठी खर्च जवळपास शून्य, मात्र एका चुकीच्या क्लिकने घरची सगळी माहिती पुसली जाऊ शकते. म्हणूनच ही प्रक्रिया नीट समजून घ्यायला हवी.

विंडोज १० ची नेमकी अडचण काय?

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी लॅपटॉप बंद पडले नाहीत, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी बुजवणारे नियमित अपडेट थांबले. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा सेवा जाहीर झाली, तीही नोंदणी करणाऱ्यांनाच. विंडोज ११ वर जावे, तर त्यासाठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे बाद ठरतात.

ड्युअल बूट म्हणजे नक्की काय होते?

लॅपटॉपची डिस्क हे एक घर समजा. त्यात भिंत घालून दोन बिऱ्हाडे करायची. एका भागात (पार्टिशन) विंडोज राहते, दुसऱ्या भागात लिनक्स. बटण दाबल्यावर ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्राम पडद्यावर यादी दाखवतो आणि कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारतो. एका वेळी एकच सिस्टीम चालते. दुसरीत जायचे तर लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागतो. मात्र जी चालू असते तिला पूर्ण रॅम आणि पूर्ण प्रोसेसर मिळतो.

लिनक्स हे नाव अनोळखी वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला हा गाभा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीमही लिनक्सवरच उभी आहे.

मग फक्त लिनक्स का नको?

काही कामे विंडोजलाच चिकटलेली आहेत. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्याला, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर करणाऱ्याला किंवा डोंगलवरील डिजिटल स्वाक्षरी वापरणाऱ्याला विंडोज हाताशी ठेवणेच सोयीचे असते. काही प्रिंटर-स्कॅनरचे सॉफ्टवेअरही फक्त विंडोजसाठीच मिळते.

त्यामुळे कामाची वाटणी अशी करावी. बँक, ई-मेल, ऑनलाइन अर्ज, अभ्यास, व्हिडीओ असे जे जे इंटरनेटवर चालते, ते अपडेट मिळणाऱ्या लिनक्समध्ये करावे. टॅली किंवा जुना फॉन्ट यांसारखी इंटरनेटशिवाय होणारी कामे विंडोजमध्ये करावीत, तीही शक्य तेव्हा वाय-फाय बंद ठेवून. सगळाच वापर पूर्वीसारखा विंडोजमधून होत राहिला, तर शेजारी लिनक्स असल्याने सुरक्षितता वाढत नाही.

कोणते लिनक्स, आणि जुन्या यंत्रावर चालेल का?

लिनक्सची शेकडो रूपे आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना ‘लिनक्स मिंट’ सोपे जाते, कारण खालची पट्टी, डावीकडचा मेनू अशी तिची मांडणी ओळखीची वाटते. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. सुखाने काम करायचे तर ४ जीबी रॅम असावी आणि ५० जीबीच्या पुढे जागा द्यावी. रॅम कमीच असेल तर मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्यावी.

ही फाइल सुमारे ३ जीबीची असते. दिवसाला दीड-दोन जीबी डेटाच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही, आणि रेंज गेली की अर्धवट राहते. त्यापेक्षा मुंबई-पुण्यातील नातेवाइकाला ब्रॉडबँडवरून फाइल उतरवून पेनड्राइव्ह तयार करून आणायला सांगावे. बसवण्याच्या कामाला इंटरनेट लागत नाही. फाइल मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. तेथे दिलेला ‘चेकसम’ हा पडताळणी क्रमांक जुळला की फाइल पूर्ण आणि मूळ आहे, याची खात्री होते.

हात घालण्यापूर्वी कोणती तयारी?

खरे काम इथे आहे. पुढील पाच गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

पहिली, बॅकअप. कागदपत्रे, फोटो, टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा. नंतर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात, कारण उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर असावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड-दापोली परिसरात असंख्य घरांची छपरे उडाली. अशा वेळी लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असून भागत नाही.

दुसरी, बिटलॉकर. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला हे कुलूप आपोआप लागलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर माहिती कायमची अडकते. लॅपटॉप दुसऱ्याकडून आलेला असेल तर ही की बहुधा त्याच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. त्यामुळे आधी त्याला फोन करून ती मिळवावी आणि कागदावर लिहून घ्यावी. नंतर विंडोजच्या सेटिंगमधून हे कुलूप बंद करावे आणि डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबावे.

तिसरी, फास्ट स्टार्टअप. ही सोय चालू असली की ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्सला विंडोजच्या फाइलमध्ये बदल करता येत नाहीत. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ती बंद करता येते.

चौथी, जागा. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे आणि लिनक्ससाठी जागा मोकळी करावी. विंडोजची भिंत विंडोजच्याच हत्याराने सरकवणे सर्वांत सुरक्षित. मोकळी झालेली जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसते. ती तशीच ठेवावी, फॉरमॅट करू नये.

पाचवी, वीज. पार्टिशनचे बदल लिहिले जात असताना लॅपटॉप बंद पडला तर दोन्ही सिस्टीम जाऊ शकतात. पावसाळ्यात कोकणात लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली आणि किमान दोन तास टिकणारी असावी. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरची सोय असलेल्या ठिकाणी हे काम करावे.

प्रत्यक्ष बसवायचे कसे?

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सगळे पुसले जाईल, हे लक्षात ठेवावे. ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ या मोफत प्रोग्रामने त्यावर लिनक्सची फाइल चढवावी.

विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ पाहून घ्यावा. तेथे ‘यूईएफआय’ असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करावा, ‘लेगसी’ असेल तर लेगसी पद्धतीने. दोन्हींची सरमिसळ झाली की बूटच्या यादीत दोन्ही सिस्टीम दिसत नाहीत.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होमध्ये ती सहसा एफ-१२, एचपीमध्ये एफ-९ आणि आसुसमध्ये एस्केप असते. लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि डिस्कला हातही लागत नाही. या अवस्थेत अर्धा तास वापरून पाहावे. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड चालतो का, प्रिंटर सापडतो का, हे तपासावे. काही चालत नसेल तर लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह काढावा. काहीच बिघडलेले नसते.

सगळे ठीक असेल तर ‘इन्स्टॉल’ निवडावे. भाषा, कीबोर्ड यांनंतर सर्वांत महत्त्वाचा पडदा येतो.

सर्वांत मोठी चूक कुठे होते?

त्याच पडद्यावर. तेथे एक पर्याय ‘इन्स्टॉल अलॉन्गसाइड’, म्हणजे विंडोजच्या शेजारी बसवा, असा असतो. दुसरा ‘इरेझ डिस्क’, म्हणजे डिस्क पुसून बसवा, असा. दुसरा निवडला की विंडोज, डी ड्राइव्ह, फोटो सगळे जाते. आपल्याला पहिला पर्याय हवा.

शेजारी बसवण्याचा पर्याय दिसतच नसेल तर पुढे जाऊ नये. बाहेर पडावे. बिटलॉकर चालू राहिले आहे, पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने सुरू झाला आहे किंवा डिस्क ‘इंटेल आरएसटी’ या पद्धतीने जोडलेली आहे, यांपैकी काहीतरी कारण असते. आरएसटीची सेटिंग विंडोजला आधी तयार न करता बदलली तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पर्याय निवडल्यावर कोणत्या पार्टिशनमध्ये बदल होणार, याची यादी दिसते. ती वाचावी, तिचा फोनवर फोटो काढावा आणि मगच पुढे जावे.

मराठीत काम होते का?

होते. लिनक्समध्ये युनिकोड मराठी वाचता येते आणि सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडता येतो. टंकयंत्रावर मराठी टंकलेखन शिकलेल्यांना मात्र त्याची मांडणी वेगळी असल्याने सवय करावी लागते. लिब्रे ऑफिस हा मोफत संच वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतो, पण गुंतागुंतीचे तक्ते, मॅक्रो यांची मांडणी विस्कटू शकते. कार्यालयात पाठवायची फाइल पीडीएफ करून पाठवलेली बरी. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या मोफत उपक्रमात लिनक्स आणि लिब्रे ऑफिसवरचे धडे मराठीतही आहेत.

नंतर कोणत्या कुरबुरी येतात?

पहिली कुरबुर घड्याळाची. लॅपटॉपच्या आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ मानते, तर लिनक्स सहसा जागतिक वेळ. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. बिघाड काहीच नसतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला एकदा सांगितले की प्रश्न मिटतो.

दुसरी कुरबुर अपडेटची. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते. म्हणून लिनक्स अद्ययावत ठेवावे आणि बसवण्याचा पेनड्राइव्ह मोडून न टाकता जपून ठेवावा. दुरुस्तीसाठी तोच कामाला येतो.

तिसरी कुरबुर काढून टाकण्याची. लिनक्स नको झाले म्हणून विंडोजमधून त्याचे पार्टिशन थेट पुसले, तर पुढच्या वेळी यादीऐवजी ‘ग्रब रेस्क्यू’ असा काळा पडदा येऊ शकतो. आधी बायोसमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणावा, विंडोज नीट सुरू होते ना ते पाहावे आणि मगच पार्टिशन काढावे.

हे कोणी करू नये?

बॅकअपला जागा नसेल, डिस्क कुरकुरत असेल किंवा आठवड्यावर परीक्षेचा अर्ज वा जीएसटी विवरणाची मुदत असेल, तर आत्ता करू नये. केवळ लिनक्स शिकायचे असेल आणि रॅम ८ जीबी असेल, तर ‘व्हर्च्युअलबॉक्स’मध्ये ते विंडोजच्या आतच चालवून पाहता येते. लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवण्याची जागा असेल, तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घेणे सर्वांत बिनधोक. बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवली की चुकून पुसली जाण्याची शक्यताच उरत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या तुलनेत लॅपटॉपचा वेगही लक्षात येण्याइतका वाढतो.

बाकीच्यांनी एखादा रविवार राखून ठेवावा. बसवायला तासभर पुरतो, बॅकअपला मात्र अख्खी सकाळ लागू शकते. ती वाचवायच्या फंदात पडू नये.